रात्रीच्या मालवाहू विमानाचा वैमानिक

जानेवारी १९४९ च्या अखेरीस आपल्या देशात रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. तिथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि विमाने पुन्हा वाटेला लागत. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटपाला जाई. चारही शहरे नागपूरपासून साधारण ७०० ते १००० किलोमीटरवर. त्या काळच्या डकोटा विमानाचा वेग ताशी २६०–२७० किलोमीटर, म्हणजे एका बाजूचा प्रवास तीन ते चार तासांचा. रात्र पुरते न पुरते एवढेच हे गणित होते, आणि ते दोन दशकांहून अधिक काळ चालले.

या योजनेतली खुबी वर्गात फळ्यावर मांडण्यासारखी आहे. चार शहरे एकमेकांशी थेट जोडायची तर सहा जोड्या होतात. मध्ये एक केंद्र ठेवले की चार रेषांत काम भागते. चार आणि सहा यांत फरक फारसा नाही. पण शहरे २५ झाली की जोड्या होतात ३०० आणि केंद्राकडे येणाऱ्या रेषा मात्र २५ च राहतात. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेस या कंपनीने नेमके हेच केले. १४ छोटी फाल्कन जेट विमाने, २५ शहरे आणि मध्ये मेम्फिस. त्या पहिल्या रात्री एकूण पार्सले किती होती? १८६. मेम्फिस का निवडले, तर ते देशाच्या मध्याजवळ आहे आणि खराब हवेमुळे तिथला विमानतळ क्वचितच बंद पडतो.

केंद्राची ही पद्धत रात्रीच का चालते, याचे उत्तर साधे आहे. माल दिवसा तयार होतो आणि दिवसाच हवा असतो. मधली रात्र तेवढी वाहतुकीला मोकळी सापडते. त्यामुळे मालवाहू विमानांचा मोठा भाग रात्रीच उडतो, आणि ती उडवणारी माणसेही रात्रीच जागतात. 'मला पायलट व्हायचंय' असे सांगणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर हे काम सहसा नसते. अमेरिकेत मात्र अनेक वैमानिकांच्या कारकिर्दीची पहिली काही वर्षे याच अंधारात गेली आहेत. ती का आणि कशी, आणि त्या अंधारात माणसाच्या डोळ्याचे, कानाचे आणि झोपेचे काय होते, हे आपण पाहू.

तासांची शिडी

वैमानिकाची पात्रता तासांत मोजली जाते. प्रत्येक उड्डाणाची नोंद त्याच्या वहीत होते : किती तास, कोणते विमान, दिवसा की रात्री, स्वतःच्या जबाबदारीवर की दुसऱ्याच्या शेजारी बसून, बाहेर पाहून की केवळ उपकरणांच्या आधाराने. अमेरिकेत व्यावसायिक परवाना साधारणपणे २५० तासांना मिळतो. विमान कंपनीचा सर्वोच्च परवाना मिळायला साधारणपणे १५०० तास लागतात, आणि त्यांतले किमान १०० तास रात्रीचे असावे लागतात. पूर्वी तिथल्या प्रवासी कंपन्यांत सहवैमानिक म्हणून कमी तासांवरही घेत असत. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळून ५० माणसे गेली, त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांची अट लागू झाली.

म्हणजे २५० तासांचा परवाना खिशात आहे, पण नोकरी १५०० तासांशिवाय नाही, आणि नोकरीशिवाय तास नाहीत. कर्ज काढून शिकलेल्या विशीतल्या मुलाला हा प्रश्न भलताच खरा असतो. बहुतेक जण आधी नवशिक्यांना शिकवतात. त्यातून तास वाढतात, पण ते बहुधा स्वच्छ हवेतले, दिवसाउजेडीचे आणि त्याच त्या धावपट्टीभोवतीचे. छोट्या मालवाहू विमानांच्या कंपन्या ही शिडीची पुढची पायरी. त्यांच्यासाठीचा अमेरिकन नियम असा : ढगांतून, केवळ उपकरणांच्या आधारे माल न्यायचा तर वैमानिकाजवळ किमान १२०० तास हवेत, त्यांत ५०० तास एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे, १०० तास रात्रीचे आणि ७५ तास उपकरणांवरचे.

इथे एकदा शिरकाव झाला की वही भराभर भरते. रोज रात्री तीन तास, आठवड्याच्या पाच रात्री आणि वर्षाचे ४८ आठवडे धरले तर ७२० तास होतात, आणि ते सगळे मोठ्या कंपन्यांना हवे तसले : रात्रीचे, वाईट हवेतले आणि बहुतेक वेळा एकट्याने निर्णय घेतलेले. आधी एका इंजिनाचे पिस्टनचे विमान, मग दोन इंजिनांचे, मग टर्बोप्रॉप, मग जेट असा हा चढता क्रम. या वैमानिकांना तिकडे 'फ्रेट डॉग' म्हणतात. शब्द कौतुकाचा वाटत नाही, पण ते स्वतः तो अभिमानाने मिरवतात.

या शिडीला इतिहास आहे. २२ फेब्रुवारी १९२१ रोजी अमेरिकन टपाल खात्याने रात्रंदिवस उडून देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर टपाल नेण्याचा प्रयोग केला. जॅक नाइट नावाच्या वैमानिकाला नॉर्थ प्लॅटहून ओमाहापर्यंतच जायचे होते. ओमाहाला पुढचा वैमानिकच आला नव्हता. नाइटने पुढचा मार्ग कधी पाहिलेला नव्हता. तरी रस्त्यांचा नकाशा घेऊन तो रात्रीच शिकागोकडे निघाला. वाटेत लोकांनी पेटवलेल्या शेकोट्या हीच त्याची मार्गदर्शक खूण. टपाल ३३ तास २० मिनिटांत देशापार पोचले. मग सरकारने मार्गावर फिरते दीप उभारले आणि १९२४ पासून रात्रीचे टपाल नियमित झाले. १९२६ साली सेंट लुइस ते शिकागो टपाल नेणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गला त्या एकाच शरद ऋतूत दोनदा अंधारात विमान सोडून हवाई छत्रीने उडी मारावी लागली. पुढच्याच वर्षी त्याने एकट्याने अटलांटिक ओलांडला. त्या ३३ तासांच्या उड्डाणाची तयारी टपालाच्या पिशव्यांबरोबर झालेली होती, हे पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला पहिले टपाल आणले ते मात्र दिवसाउजेडी; जुहूच्या त्या मैदानावर रात्री उतरण्याची सोय कुठली असणार?

कागदाच्या तुकड्यांसाठी विमाने

अमेरिकेत १९७० ते २००० या काळात छोट्या विमानांच्या रात्रीच्या धंद्याला सर्वांत मोठा आधार कशाचा होता, असे विचारले तर फार थोड्यांना उत्तर येईल. तो होता बँकेच्या चेकचा. चेक एका बँकेत भरला तरी पैसे मिळतात तो ज्या बँकेवर काढला तिथे कागद पोचल्यावरच. तोवरचे दिवस व्याजाविना जातात. समजा, एका बँकेत दहा कोटींचे चेक जमले आणि व्याजाचा दर साल शेकडा ६ आहे. एक दिवसाचे व्याज किती? दहा कोटी गुणिले ०.०६ भागिले ३६५, म्हणजे साधारण १६,४०० रुपये. कागद एक दिवस आधी पोचला तर एवढे वाचतात. मग विमानाचे भाडे परवडते. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातून एअरनेट नावाची कंपनी रात्रभर बॅरन आणि लिअरजेट विमाने याच कामासाठी फिरवीत असे. चेकच्या पिशव्यांनी भरलेले विमान पाच मिनिटे उशिरा पोचले आणि बँकेची वेळ टळली, तर एक दिवस गेला. त्यामुळे वैमानिकाच्या पाठीमागे घड्याळ लागलेले असे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेवरचे आकाश बंद झाले, तेव्हा हे कागद जागच्या जागी अडकले. अशा मधल्या अवस्थेत असलेली रक्कम वाढत ४७ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. त्या अनुभवानंतर ऑक्टोबर २००३ मध्ये तिथे कायदा झाला आणि २८ ऑक्टोबर २००४ पासून मूळ कागदाऐवजी त्याच्या प्रतिमेवरून व्यवहार पुरा करता येऊ लागला. (आपल्याकडे दिल्लीत २००८ साली अशीच पद्धत सुरू झाली.) थोड्याच वर्षांत चेक वाहणारी विमाने जवळजवळ संपली आणि शिडीची एक रुंद पायरी निखळली. उरले ते पार्सल, औषधे, रक्ताचे नमुने, कारखान्यांचे अडलेले सुटे भाग.

पार्सलांच्या कामात लहान विमानाचा दिवस दोन तुकड्यांत मोडतो. पहाटे अंधारातच वैमानिक मोठ्या केंद्रावरून माल घेऊन एखाद्या लहान गावी जातो, दिवसभर तिथे भाड्याच्या खोलीत झोपण्याचा प्रयत्न करतो आणि संध्याकाळी त्या गावाचा माल घेऊन परततो. या कामाचे विमान म्हणजे १९८० च्या दशकातले सेसना कॅरॅव्हॅन : एकच टर्बाइन इंजिन, स्थिर चाके, वर पंख, पोटाखाली मालाची पेटी. एकूण वजन चार टनांच्या आत आणि माल सव्वा टनाच्या आसपास. उडवायला एकच माणूस. खोकी चढवताना मदतीला कोणी असले तर ठीक, नाहीतर तोही चढवतो.

खोकी कुठे ठेवायची याला महत्त्व आहे. तराफ्यावर किंवा सीसॉवर वजन सरकवले की काय होते हे मुलांना ठाऊक असते. विमानाचा गुरुत्वमध्य ठराविक मर्यादेच्या मागे गेला तर नाक वर जाते आणि शेपटीला ते खाली आणणे झेपत नाही. माल नुसता योग्य जागी ठेवून भागत नाही, तो तिथेच राहावा लागतो. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बगराम येथे बोइंग ७४७ मधील अवजड लष्करी गाडी उड्डाणाच्या वेळी सुटून मागे सरकली आणि तिने शेपटीकडची यंत्रणा मोडली. सातही जण दगावले. ही घटना दुपारची आहे, तेव्हा अंधाराला दोष देता येत नाही.

अंधारात डोळा

आता रात्रीकडे वळू. आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकू पेशी साठ लाखांच्या आसपास. त्या रंग आणि बारकावे पाहतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंड पेशी नऊ कोटींहून अधिक. त्या अगदी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. अडचण अशी की आपण ज्या ठिकाणाने टक लावून पाहतो त्या मध्यबिंदूवर दंड पेशी जवळजवळ नसतातच. म्हणून रात्री सरळ पाहिलेली अंधुक वस्तू नाहीशी होते आणि थोडे बाजूला पाहिले की दिसू लागते. कृत्तिकेचा पुंजका एकदा थेट आणि एकदा जरा तिरक्या नजरेने पाहायला सांगावे. तिरकसपणे पाहिल्यावर जास्त तारे दिसतात. वैमानिकाला हीच सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

दंड पेशींना पूर्ण संवेदनक्षम व्हायला सुमारे अर्धा तास लागतो, आणि एका झगझगीत दिव्याने ती कमाई क्षणात जाते. तांबड्या प्रकाशाला त्या फारसा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून पूर्वी विमानाच्या कक्षात तांबडे दिवे असत. पण त्या उजेडात नकाशावरच्या तांबड्या रेषाच दिसेनाशा होत, हेही ओघाने आलेच. आता मंद पांढरा उजेड वापरण्याकडे कल आहे. याशिवाय दृष्टिपटलाला प्राणवायू भरपूर लागतो. दीड हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने कमी असतो. दिवसा एवढ्याने काही जाणवत नाही, रात्री मात्र दृष्टी मंदावू लागते. म्हणूनच रात्री सुमारे ५००० फुटांच्या वर जाताना प्राणवायू घ्यावा, असा सल्ला अमेरिकन हवाई प्रशासन देते.

दिसणे कमी झाले एवढेच नाही, भलतेच दिसणेही सुरू होते. पूर्ण काळोख्या खोलीच्या टोकाला एक पेटती उदबत्ती ठेवा आणि मुलांना तिच्या ठिणगीकडे मिनिटभर टक लावायला सांगा. ठिणगी हलते आहे, सरकते आहे असे बहुतेकांना वाटू लागेल. भोवती तुलनेला काही नसले की डोळ्यांच्या बारीक हालचाली मेंदू त्या ठिपक्याच्या नावावर टाकतो. एकट्या ताऱ्याला किंवा दूरच्या दिव्याला दुसरे विमान समजून वळण घेतल्याचे प्रकार याच कारणाने होतात.

यापेक्षा घातक आहे तो काळ्या विवराचा भास. (आकाशातले कृष्णविवर नव्हे.) धावपट्टी दिव्यांनी उजळलेली आहे, पण तिच्या अलीकडे पाणी, जंगल किंवा ओसाड माळ आहे, एकही दिवा नाही. उतरण्याचा नेहमीचा कोन तीन अंशांचा. त्या हिशेबाने धावपट्टीपासून पाच किलोमीटरवर विमान सुमारे २६० मीटर उंच असावे आणि एक किलोमीटरवर सुमारे ५२ मीटर. मधल्या काळोखात उंची ताडायला काहीच नसल्यामुळे वैमानिक नकळत धावपट्टीचा आकार डोळ्यांत एका ठराविक कोनात धरून खाली येतो. भूमितीत आपण शिकतो की एका रेषाखंडाशी समान कोन करणारे बिंदू वर्तुळाच्या कंसावर असतात. हा कंस तीन अंशांच्या रेषेच्या खालून जातो. वैमानिकाला सगळे ठीक दिसत राहते आणि जमीन धावपट्टीच्या आधीच येते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बोइंग कंपनीत कॉनराड क्राफ्ट यांनी अंधाऱ्या खोलीत शहराची प्रतिकृती मांडून अनुभवी वैमानिकांवर हे तपासले. अनुभवी माणसेही ठरल्या वाटेच्या खालीच आली. त्यावर उपाय म्हणजे डोळ्यावर विश्वास न ठेवता उंचीमापक आणि धावपट्टीशेजारचे कोन दाखवणारे दिवे पाहणे.

कान काय सांगतो

डोळे निकामी झाले की शरीर तोलासाठी आतल्या कानाकडे वळते. तिथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांतला द्रव डोके वळताना मागे रेंगाळतो आणि वळण्याची जाणीव होते. फिरत्या खुर्चीत एखाद्या विद्यार्थ्याला डोळे बांधून बसवा, वीस सेकंद एकाच वेगाने हळू फिरवा आणि थांबवा. फिरणे चालू असतानाच त्याला थांबल्यासारखे वाटू लागते, आणि थांबल्यावर तो सांगतो की आता उलट फिरतो आहे. (शेजारी कोणी उभे राहावे, पडायची भीती असते.) ढगात वळण घेणाऱ्या वैमानिकाचे असेच होते. वळण संपवून विमान सरळ केले तरी शरीर म्हणते, आता आपण दुसरीकडे कललो.

दुसरा भास उड्डाणाच्या क्षणाचा आहे. कानातली दुसरी रचना गुरुत्वाची दिशा ओळखते, पण गुरुत्व आणि त्वरण यांतला फरक तिला कळत नाही. विमान २ मीटर प्रतिसेकंद वर्ग एवढ्या त्वरणाने पुढे जात असेल तर आपल्याला जाणवणारी 'खाली'ची दिशा मागे झुकते. कोनाची स्पर्शज्या २ भागिले ९.८, म्हणजे कोन सुमारे ११.५ अंश. अंधारात याचा अर्थ मेंदू असा लावतो की विमानाचे नाक फारच वर गेले आहे. वैमानिक ते खाली दाबतो, आणि विमान नुकतेच धावपट्टी सोडून काळ्या शेतावर आलेले असते. दिवसा क्षितिज दिसते म्हणून हा भास कळतही नाही. रात्री समोरचे उपकरण खरे मानायचे की स्वतःचे शरीर, याचा निकाल दोन-तीन सेकंदांत लावावा लागतो. उपकरणांवरच्या ७५ तासांची अट कशासाठी, हे आता ध्यानात यावे.

हवेच्या बाबतीत मात्र रात्र दोन्ही बाजूंनी बोलते. सूर्य मावळल्यावर तापलेल्या जमिनीवरून उठणारे प्रवाह शमतात, उड्डाण गुळगुळीत होते. हवा थंड आणि दाट झाल्याने पंखांना उचल जास्त मिळते. पण तीच थंड होणारी जमीन पहाटे धुके आणते, नेमके उतरायच्या वेळी. आणि हिवाळ्यात अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांभोवती ढगांत शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. ते पंखाला लागताच गोठतात. जाड सॅंडपेपरसारखा खरखरीत थर पुढच्या कडेवर जमला तरी उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि विरोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. कॅरॅव्हॅनचे बर्फाशी पहिल्यापासून वाकडे. अनेक अपघातांनंतर २००६ साली अमेरिकन हवाई प्रशासनाने बर्फाळ ढगांत या विमानाचा वेग १२० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२२ किलोमीटरच्या खाली जाऊ देऊ नये, असा आदेश काढला.

दोन ते सहा

आमच्या मते या धंद्यातला सर्वांत कठीण भाग यांपैकी एकही नाही. तो आहे झोप. आपल्या मेंदूत दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. हे शरीराचे घड्याळ. ते उजेडावर लागते, आणि त्यासाठी दृष्टिपटलात शंकू व दंड यांखेरीज आणखी एक प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी आहेत, हे २००२ साली स्पष्ट झाले. या घड्याळाप्रमाणे पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत कमी असते आणि सावधपणाही. विमानशास्त्रात रात्री दोन ते सकाळी सहा हा काळ वेगळा मोजतात. महिनोन् महिने रात्री काम केले तरी घड्याळ उलटत नाही, कारण सकाळी घरी परतताना सूर्य डोळ्यांत शिरतो आणि ते पुन्हा जागेवर आणतो. शिवाय सुटीच्या दिवशी माणूस घरच्यांसारखा दिवसा वावरतो. दिवसा घेतलेली झोप तुटक आणि आखूड होते. दारावरची बेल, मुले, ऊन.

१८ ऑगस्ट १९९३ रोजी क्युबातल्या ग्वांतानामो तळावर उतरताना एक डीसी-८ मालवाहू विमान धावपट्टीपूर्वीच कोसळले. तिघेही जबर जखमी झाले, पण वाचले. कॅप्टन साडेतेवीस तास जागा होता. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने एखाद्या मोठ्या विमान अपघाताचे संभाव्य कारण म्हणून थकव्याचे नाव घेतले ते इथे पहिल्यांदाच. त्यानंतर वीस वर्षांनी, १४ ऑगस्ट २०१३ रोजी पहाटे पावणेपाचच्या सुमारास, लुइव्हिलहून निघालेले यूपीएसचे एअरबस ए-३०० अलाबामातल्या बर्मिंगहॅम विमानतळाच्या अलीकडे टेकडीवर आदळले. मुख्य धावपट्टी दिव्यांच्या दुरुस्तीसाठी बंद होती. दुसऱ्या धावपट्टीवर उतरण्याच्या उंचीचा मार्ग दाखवणारी यंत्रणा नव्हती. विमान फार वेगाने खाली येत होते आणि उंचीकडे पुरेसे लक्ष राहिले नाही. दोन्ही वैमानिक गेले. चौकशीत थकवा हे एक साहाय्यक कारण ठरले. ध्वनिमुद्रणात त्या दोघांचे बोलणेही सापडले : विषय होता विश्रांतीच्या नव्या नियमांचा, आणि ते मालवाहू वैमानिकांना लागू नसल्याचा.

ते बोलणे खरे होते. ४ जानेवारी २०१४ पासून अमेरिकेत वैमानिकांच्या कामाचे तास आणि विश्रांती यांचे नवे, शास्त्रीय आधाराचे नियम अमलात आले ते प्रवासी विमानांपुरते. मालवाहू कंपन्यांना वगळले गेले. कंपनीने आपणहून पाळले तर पाळावेत. कारण खर्चाचे दिले गेले : नियमाचा खर्च मालवाहू कंपन्यांच्या बाबतीत फायद्यापेक्षा जास्त भरतो. हिशेबात वाचणाऱ्या जिवांची किंमत धरावी लागते, आणि मालाच्या विमानात जीव दोन असतात, दोनशे नव्हे. हे गणित आम्हाला पटत नाही. पहाटे चारला डुलकी येते ती मागे माणसे आहेत की खोकी हे विचारून येत नाही, आणि विमान पडते ते कोणाच्या तरी घराच्या वर असताना.

उपाय मात्र ठाऊक आहेत. अमेरिकेच्या नासा संस्थेने दूरच्या पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटे आसनावरच झोपण्याची मुभा दिली. सरासरी झोप लागली २६ मिनिटे, आणि उतरतानाचा त्यांचा सावधपणा न झोपलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगला राहिला. मोठ्या मालवाहू कंपन्यांच्या केंद्रांवर आता काळोख्या, शांत खोल्या असतात. माल उतरवून दुसरा चढेपर्यंतचे दोन तास वैमानिक तिथे झोपतात. पण झोपेतून उठल्यावर पहिली काही मिनिटे मेंदू जड असतो, तेव्हा उठून लगेच विमानात बसायचे नसते. आणि एकट्याने कॅरॅव्हॅन उडवणाऱ्याला आळीपाळी कोणाशी करायची, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे ही शिडी नाही. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, त्यांत रात्रीचे जेमतेम पाच. गोंदिया, बारामती, धुळे अशा ठिकाणी शिकलेला विद्यार्थी त्यानंतर एखाद्या मोठ्या विमानाचे खास शिक्षण घेतो आणि नोकरी मिळाली तर थेट जेटच्या उजव्या आसनावर बसतो. तासांची बाकी वाढ तिथेच, कॅप्टनच्या शेजारी होते. ब्लू डार्टची मालवाहू जेट १९९६ पासून रात्री मोठ्या शहरांदरम्यान उडतात. पण ती दोन वैमानिकांची मोठी विमाने आहेत, नवशिक्याला एकट्याने हाती मिळणारी नव्हेत. हे बरे की वाईट? एकट्याने बर्फात उडण्याची जोखीम आपल्या मुलांना घ्यावी लागत नाही, हे बरेच. पण एकट्याने निर्णय घेण्याचा सरावही त्यांना उशिरा मिळतो. शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या पुढेही जातो, आणि परवाना मिळूनही काही वर्षे घरी बसलेले तरुण आपल्या आसपास सापडतात. म्हणून पैसे भरण्याआधी पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रंगांधळेपणासारखी गोष्ट काही मुलांना तिथेच प्रथम कळते.

शेवटी एक प्रयोग. मोजपट्टी उभी धरून सोडायची आणि विद्यार्थ्याने ती दोन बोटांच्या चिमटीत पकडायची. पट्टी किती सेंटीमीटर घसरली यावरून प्रतिक्रियेचा काळ काढता येतो : अंतराच्या दुपटीला ९.८ ने भागून वर्गमूळ घ्यायचे, अंतर मीटरमध्ये. पट्टी १५ सेंटीमीटर घसरली तर ०.१७५ सेकंद, २० घसरली तर ०.२०, २५ घसरली तर ०.२२६. प्रत्येकाने घरी दहा-दहा वेळा मोजून सरासरी काढावी : सकाळी जाग आल्याबरोबर, उठून अर्ध्या तासाने, दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी सातला आणि रात्री झोपण्यापूर्वी. मुद्दाम जागरण कोणी करू नये. ज्यांच्या घरी रात्रपाळीला जाणारे कोणी आहे, रुग्णालयात, कारखान्यात किंवा एस.टी.त, त्यांनी त्या माणसाचे आकडे कामावरून परतल्यावर घ्यावेत आणि आठवडाभराने सगळ्यांचे आलेख एकाच कागदावर काढावेत.